मुका वर्ग आणि बोलका वर्ग

ज्ञानाचे दार सर्वांसाठी उघडे असावे ही आकांक्षा जुनीच आहे. नवे आहे ते दार उघडण्याचे साधन. आज एखाद्या खेड्यातील मुलगी मोबाइलच्या पडद्यावर थेट मद्रास आय.आय.टी.तील प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकू शकते. त्यासाठी तिला प्रवेशपरीक्षा द्यावी लागत नाही, गाव सोडावे लागत नाही आणि व्याख्यानाचे मोलही मोजावे लागत नाही. या सोयीचे स्तुतिपाठक म्हणतात की, शाळा-महाविद्यालयांच्या भिंती आता फार दिवस उभ्या राहणार नाहीत. साशंक मंडळी म्हणतात की, पडद्यासमोर बसून माणूस घडत नसतो. दोन्ही पक्ष भविष्याच्या नावाने वाद घालतात. परंतु या वादाचा निकाल लावण्यास उपयोगी पडेल असा पुष्कळसा पुरावा भूतकाळात नोंदलेला आहे. कारण दूर बसलेल्या विद्यार्थ्यापर्यंत विद्या पोहोचविण्याचा प्रयोग माणसाने टपालाच्या साह्याने केला, नभोवाणीच्या साह्याने केला, दूरचित्रवाणीच्या साह्याने केला, आणि आता तो संगणकाच्या साह्याने करीत आहे. प्रत्येक वेळी एकच प्रश्न पुढे उभा राहिला: दार उघडले खरे, पण आत कोणी बोलावयास आहे काय?

पहिला प्रयोग टपालाचा. १८४० साली इंग्लंडमध्ये एका पेनीच्या दराने देशभर कोठेही पत्र पाठविण्याची सोय झाली. त्याच वर्षी बाथ येथील आयझॅक पिटमन या शिक्षकाने आपली लघुलेखनपद्धती टपालाने शिकविण्यास आरंभ केला. विद्यार्थ्याने नेमून दिलेला उतारा लघुलिपीत उतरवावा, तो कागद पिटमनकडे पाठवावा, आणि पिटमनने त्यातील चुका दुरुस्त करून तो परत करावा, असा हा क्रम होता. वरवर पाहता ही गोष्ट अगदी साधी वाटते. परंतु टपालाने धडा *जातो*, एवढ्यात तिचे मर्म नव्हते. तपासलेला कागद परत *येतो*, यात ते होते. कोणा अपरिचित माणसाने आपले अक्षर न्याहाळले, आपली चूक ओळखली आणि ती सुधारण्याची तसदी घेतली, हे त्या कागदावरून विद्यार्थ्याला उमगत असे.

यानंतर अठरा वर्षांनी लंडन विद्यापीठाने निराळ्या प्रकारचे दार उघडले. १८५८ च्या सनदेने, वैद्यकशास्त्र वगळता, या विद्यापीठाच्या पदवीपरीक्षांना बसण्यासाठी कोणत्याही महाविद्यालयात शिकलेले असण्याची अट उरली नाही. १८७८ साली स्त्रियांनाही पदव्या खुल्या झाल्या. हे पाऊल निःसंशय उदारपणाचे होते. तथापि लंडनने परीक्षा खुली केली, अध्यापन नव्हे. विद्यार्थ्याने कोठे, कसे व कोणाजवळ शिकावे याच्याशी विद्यापीठाला कर्तव्य नव्हते. त्याने शुल्क भरून परीक्षेला बसावे आणि निकालाची वाट पाहावी, एवढाच काय तो संबंध. १८५७ साली स्थापन झालेली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठेही लंडनच्याच धर्तीवर, मुख्यतः परीक्षा घेणाऱ्या संस्था म्हणून अस्तित्वात आली. 'बहिःस्थ विद्यार्थी' हा शब्द मराठी कुटुंबांना परिचयाचा आहे. दिवसा नोकरी, रात्री कंदिलाच्या उजेडात पाठांतर, आणि चुकले कोठे हे सांगणारे कोणी नाही, असे एकाकी कष्ट त्या शब्दात साठलेले आहेत. पिटमनचा विद्यार्थी एकटा नव्हता. लंडनचा विद्यार्थी एकटा होता. मुक्त शिक्षणाच्या पुढील साऱ्या इतिहासात हे दोन मार्ग आलटूनपालटून दिसतात.

विसाव्या शतकात नभोवाणी आली. आता एक आवाज एकाच क्षणी लक्षावधी घरांत पोहोचू लागला. पण नभोवाणीचा स्वभाव एकमुखी. ती बोलते, तिला ऐकू येत नाही. या उणिवेवर कॅनडातील शेतकऱ्यांच्या संस्थांनी व प्रौढशिक्षण संघटनेने तेथील राष्ट्रीय नभोवाणीच्या सहकार्याने १९४१ पासून एक सुंदर तोड काढली. हिवाळ्यातील सोमवारी संध्याकाळी शेजारपाजारची माणसे कोणा एकाच्या घरी जमत. चर्चेच्या विषयावरील छापील पत्रिका त्यांच्या हाती आधीच पडलेली असे. कार्यक्रम ऐकून झाला की चर्चा रंगे. तिचा निष्कर्ष लिहून प्रांतिक कार्यालयाकडे धाडला जाई आणि अशा निष्कर्षांचा गोषवारा पुन्हा नभोवाणीवरून ऐकविला जाई. वाचा, ऐका, चर्चा करा आणि कृती करा, असे त्या चळवळीचे सूत्र होते. एकमुखी यंत्राला कान बसविण्याचाच हा प्रयत्न होता. १९६५ पर्यंत तो चालला.

हीच कल्पना १९५६ साली महाराष्ट्रात आली. युनेस्कोच्या साह्याने आकाशवाणीने तत्कालीन मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १५० गावांत 'शेतकरी मंडळे' स्थापन करून हा प्रयोग केला. आठवड्यातून दोन संध्याकाळी, अर्ध्या अर्ध्या तासाचे असे एकूण वीस कार्यक्रम मराठीतून प्रसारित झाले. मंडळातील माणसे रेडिओभोवती बसून ते ऐकत, नंतर आपसांत बोलत, आणि शंका उरल्या तर लिहून पुण्याच्या केंद्राकडे धाडीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत. प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेत पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली झाले. त्याने मंडळे असलेल्या गावांची तुलना दोन प्रकारच्या गावांशी केली: जेथे रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे, आणि जेथे रेडिओही नाही अशी गावे. मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फारसा फरक पडलेला नव्हता.

हा निष्कर्ष घटकाभर थांबून विचार करण्याजोगा आहे. दोन्ही ठिकाणी रेडिओ होता, दोन्हीकडे आवाज पोहोचत होता आणि भाषाही घरचीच होती. फरक पडला तो ऐकून झाल्यावर कोणाशी तरी बोलण्याने, आणि आपला प्रश्न कोणीतरी ऐकेल या खात्रीने. आज कोट्यवधी रुपये खर्चून उभारलेल्या यंत्रणांना जो धडा पुन्हा पुन्हा शिकावा लागत आहे, तो सातारा-नाशिककडील शेतकऱ्यांनी चावडीसमोर बसून १९५६ सालीच शिकवून ठेवला होता.

यानंतर सात वर्षांनी, १९६३ साली, ब्रिटनमधील मजूर पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन यांनी ग्लासगो येथील भाषणात 'आकाशातील विद्यापीठा'ची कल्पना मांडली. पक्ष सत्तेवर आल्यावर तिला आकार देण्याचे काम जेनी ली या मंत्रिणीकडे आले. खाणकामगाराच्या घरात जन्मलेल्या या बाईंनी एका गोष्टीत यत्किंचितही तडजोड केली नाही: प्रवेशाला अट नसावी, परंतु पदवीचा दर्जा मात्र इतर विद्यापीठांहून तसूभरही कमी नसावा. १९६९ साली या विद्यापीठाला राजसनद मिळाली, तेव्हा त्याचे नाव 'आकाशातील' राहिले नव्हते, 'मुक्त' झाले होते. हा बदल केवळ नावाचा नव्हता. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम हे एकंदर अध्यापनाचे एक लहानसे अंग आहे, हे योजकांच्या ध्यानात आलेले होते. खरा भार होता तो काळजीपूर्वक लिहिलेल्या छापील पाठांवर, गावोगावच्या अभ्यासकेंद्रांवर, उन्हाळी शिबिरांवर, आणि सर्वांत अधिक म्हणजे शिक्षकाने तपासून, शेरे लिहून परत पाठविलेल्या स्वाध्यायांवर. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तर प्रयोगाच्या साहित्याची पेटी घरपोच मिळे आणि तीत प्लास्टिकचे एक छोटे सूक्ष्मदर्शकही असे. स्वयंपाकघरातील टेबलावर प्रयोग मांडून निष्कर्ष काढावयाचे, ते लिहून पाठवावयाचे आणि त्यावरील अभिप्रायाची वाट पाहावयाची, हा विद्यार्थ्यांचा परिपाठ झाला. जानेवारी १९७१ मध्ये चोवीस-पंचवीस हजार विद्यार्थ्यांनिशी अभ्यास सुरू झाला. तोवर सत्तांतर झाले होते आणि नव्या पक्षातील अनेकांना ही संस्था म्हणजे उधळपट्टी वाटत होती. पण शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांनी ती चालू ठेवली. पिटमनचा कागद आता विद्यापीठाच्या पायाचा दगड झाला होता.

भारतात या विचाराला पहिले घर मिळाले ते हैदराबादेत. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली टपालद्वारा शिक्षण सुरू केले होते. परंतु स्वतंत्र असे देशातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली आंध्र प्रदेश सरकारने हैदराबाद येथे स्थापन केले. जी. राम रेड्डी हे त्याचे पहिले कुलगुरू. पुढे या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्यात आले, आणि ज्या संस्थेचे प्रयोजनच दार नाकारलेल्यांना दार उघडणे हे आहे, तिला याहून समर्पक नाव सुचणे कठीण. १९८५ साली दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले हे नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. अभ्यासकेंद्र, संपर्कसत्र, स्वाध्याय हे शब्द मराठीत रुळले ते या विद्यापीठामुळे. शाळा अर्धवट सुटलेल्या गृहिणी, गिरणीतील कामगार, पोलीस शिपाई, शेतकरी अशा कितीतरी लोकांना त्याने विद्यार्थी हे नामाभिधान परत मिळवून दिले. जेथे संपर्कसत्र नेमाने भरले आणि स्वाध्यायावर शिक्षकाची नजर पडली, तेथे हे शिक्षण जिवंत राहिले. जेथे ते कागदोपत्री उरले, तेथे लंडनचा एकाकी विद्यार्थीच नव्या नावाने पुन्हा जन्मास आला.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी इंटरनेटने ही सारी परिस्थितीच पालटून टाकली. एप्रिल २००१ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी. या विख्यात संस्थेने आपल्या सर्व अभ्यासक्रमांचे साहित्य जगाला विनामूल्य देण्याचा संकल्प जाहीर केला. इंटरनेटवर शिक्षण विकून पैसा कसा मिळवावा याच्या विवंचनेत इतर विद्यापीठे असताना या संस्थेने उलट दिशा धरली. २००२ साली पहिले पन्नास अभ्यासक्रम खुले झाले, आणि २००७ पर्यंत त्यांची संख्या अठराशेवर गेली. अशा साहित्याला 'मुक्त शैक्षणिक संसाधने' असे नाव युनेस्कोच्या २००२ मधील बैठकीत मिळाले. बडोद्याच्या वाचकांना या औदार्याचे एक जुने रूप आठवेल. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर मोफत ग्रंथालयांचे जाळे विणविले आणि पेटीत भरलेली फिरती ग्रंथालये खेड्याखेड्यांत धाडली. एम.आय.टी.चे काम म्हणजे एका अर्थी तीच पेटी. फक्त ती आता सर्व पृथ्वीवर एकाच वेळी उघडत होती. परंतु या संस्थेने प्रामाणिकपणे एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली होती: साहित्य मिळेल, पण पदवी मिळणार नाही आणि शिक्षकही मिळणार नाही. टिपणे होती, प्रश्नपत्रिका होत्या. प्रश्नांची उत्तरे पाहणारे मात्र कोणी नव्हते.

ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न पुन्हा एकदा कॅनडातच झाला. २००८ च्या शरद ऋतूत मॅनिटोबा विद्यापीठातर्फे जॉर्ज सीमेन्स व स्टीफन डाउन्स या दोघा अध्यापकांनी बारा आठवड्यांचा एक अभ्यासक्रम चालविला. शुल्क भरलेले विद्यार्थी होते सुमारे पंचवीस. परंतु वर्गाचे दार कोणासाठीही बंद नव्हते आणि बाहेरून विनामूल्य सामील झालेल्यांची संख्या २,२०० च्या घरात गेली. या वर्गाचे वैशिष्ट्य केवळ संख्येत नव्हते. सर्वांनी एकच पुस्तक वाचावे आणि एकच उत्तर द्यावे, अशी अपेक्षाच तेथे नव्हती. प्रत्येकाने हाती आलेल्या साहित्यातून आपल्याला हवे ते वेचावे, त्याची आपल्या अनुभवाशी सांगड घालावी, त्यातून स्वतःचे असे काही रचावे आणि ते इतरांपुढे ठेवावे, असा दंडक होता. लोक आपापल्या पानांवर लिहीत, आणि ते सारे लिखाण एका दैनिक पत्रिकेत एकत्र होऊन सर्वांना मिळे. एकाच्या लेखावर दुसऱ्या खंडातील दुसरा अभिप्राय देई. शेतकरी मंडळांची जुनी रीतच जणू नव्या यंत्रावर पुन्हा अवतरली होती.

डेव्ह कॉर्मियर या कॅनेडियन अध्यापकाने या प्रकाराला एक लांबलचक इंग्रजी नाव दिले. त्याचा अर्थ प्रचंड, मुक्त, ऑनलाइन अभ्यासक्रम. त्याच्या आद्याक्षरांनी झालेला शब्द 'मूक'. मराठी कानाला त्यात 'मुका' हा अर्थ ऐकू यावा, हा केवळ योगायोग. आणि जो वर्ग इतका बोलका होता त्याला ते नाव मिळावे, हा त्याहून मोठा विनोद. मात्र पुढे थोड्याच वर्षांत हे नाव अक्षरशः खरे ठरण्याची वेळ आली.

तत्पूर्वी सर्जनशीलतेच्या दृष्टीने याहूनही एक पाऊल पुढे गेलेला प्रयोग सांगितला पाहिजे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात मेरी वॉशिंग्टन विद्यापीठ आहे. तेथील जिम ग्रूम यांनी संगणकाच्या साह्याने गोष्ट सांगण्याचा आपला वर्ग २०११ साली जगाला खुला केला. विद्यार्थ्यांनी चित्रे, ध्वनिफिती, चित्रफिती तयार करावयाच्या हे तर होतेच. पण गृहपाठ कोणता करावयाचा हेदेखील विद्यार्थीच सुचवीत. अशा गृहपाठांची एक पेढीच उभी राहिली. एकाने सुचवावे, दुसऱ्याने करून दाखवावे, तिसऱ्याने त्यात बदल करावा. एवढ्यावर न थांबता या मंडळींनी स्वतःचे इंटरनेट-नभोवाणी केंद्रही सुरू केले. ज्या यंत्राने श्रोत्याला मुके बसविले होते, तेच यंत्र श्रोत्याच्या हाती आले. पाठ ऐकणारा, पाठ करणारा आणि पाठ नेमणारा हे तिघे एकच झाले, तर शिक्षण कसे दिसेल, याचा तो नमुना होता.

अर्थात या बोलक्या वर्गांतही दोष होते. इतक्या गर्दीत व इतक्या आवाजांत नवखा विद्यार्थी भांबावून जाई. काय वाचावे, कोठून आरंभ करावा, हे सांगणारे कोणी नाही, अशी तक्रार मॅनिटोबाच्या वर्गातील अनेकांनी केली. ज्यांना आधीच शिकता येत होते त्यांना तेथे मेजवानी होती. ज्यांना शिकावे कसे हेच शिकावयाचे होते त्यांचा हात धरणारा हवा होता. हे सत्य झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

२०११ च्या शरद ऋतूत स्टॅनफर्ड विद्यापीठातील सेबॅस्टियन थ्रुन व पीटर नॉर्व्हिग यांनी कृत्रिम प्रज्ञेचा आपला वर्ग इंटरनेटवर खुला केला, आणि सुमारे १,६०,००० लोकांनी नावे नोंदविली. जग चकित झाले. २०१२ साली युडॅसिटी, कोर्सेरा व एडएक्स या तीन मोठ्या संस्था उभ्या राहिल्या. मात्र 'मूक' हे नाव घेतलेल्या या वर्गांचा साचा मॅनिटोबाचा नव्हता. तो व्याख्यानगृहाचा होता. प्राध्यापक बोलणार, यंत्र प्रश्न विचारणार आणि यंत्रच गुण देणार. एडएक्सच्या पहिल्या, विद्युत्-मंडलांविषयीच्या अभ्यासक्रमाला १,५४,७६३ जणांनी नावे दिली. प्रमाणपत्र मिळाले ७,१५७ जणांना. शंभरात पाच जणही नाहीत. येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. सात हजार विद्यार्थी ही संख्या एका प्राध्यापकाला जन्मभर शिकवूनही गाठता येणार नाही, आणि मध्येच थांबलेला प्रत्येक जण अपयशीच झाला असेही नव्हे. कित्येकांना दोन-चार प्रकरणेच हवी असतात. परंतु ज्यांना हे शिक्षण सर्वांत अधिक हवे होते त्यांचे काय? २०१३ साली युडॅसिटीने सॅन होजे येथील राज्य विद्यापीठाच्या सहकार्याने मागे पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी असे वर्ग चालविले. उत्तीर्णांचे प्रमाण इतके निराशाजनक निघाले की प्रयोग काही महिन्यांतच थांबवावा लागला, आणि आपले साधन अशा विद्यार्थ्यांना पुरे पडत नाही अशी कबुली थ्रुन यांना द्यावी लागली. ज्या एडएक्सची स्थापना लाभाच्या अपेक्षेविना झाली होती, ती संस्थाही २०२१ साली एका व्यापारी कंपनीला विकली गेली.

त्याच विद्युत्-मंडलांच्या वर्गातील एक गोष्ट मात्र जगभर कौतुकाने सांगितली गेली. मंगोलियाच्या उलानबातर शहरातील एका पंधरा वर्षांच्या मुलाने या अभ्यासक्रमात पैकीच्या पैकी गुण मिळविले. दीड लाखांत असे यश लाभलेले केवळ ३४० होते. यंत्राने प्रतिभा शोधून काढली, असा याचा अर्थ लावण्यात आला. परंतु ही गोष्ट पुरती ऐकली तर चित्र पालटते. त्या मुलाच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एम.आय.टी.त शिकून आलेले होते. व्याख्याने एकट्याने ऐकून भागणार नाही हे जाणून त्यांनी स्टॅनफर्डमधील एका परिचिताला प्रयोगाच्या साहित्यासह आपल्या शाळेत बोलावून घेतले. मुलांनी प्रत्यक्ष तारा जोडल्या, चुकविल्या, पुन्हा जोडल्या. त्या मुलाने पुढे आपल्या धाकट्या बहिणीसाठी एक भोंगा तयार केला. ती खेळत असता मोटार येत असल्यास तो वाजे. परीक्षेतील पूर्ण गुणांहून हा भोंगा अधिक मोलाचा मानावयास हरकत नाही. शिकलेली विद्या कोणाच्या तरी रक्षणासाठी हाताने घडविलेल्या वस्तूत उतरली, हीच सर्जनशीलता. तिच्यामागे अमेरिकेतील व्याख्यान होते हे खरे. पण उलानबातरमधील मुख्याध्यापकही होता.

भारतातही हाच अनुभव आला. २००३ साली आय.आय.टी. संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून 'एन.पी.टी.ई.एल.' हा उपक्रम सुरू केला. २०१७ साली केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे व्यासपीठ आले. व्याख्याने विनामूल्य, आणि त्यांतील कित्येकांची भाषांतरे मराठीसह अनेक भारतीय भाषांतही झाली. या उपक्रमाच्या चालकांनी गावोगावच्या महाविद्यालयांत स्थानिक केंद्रे उघडून तेथे मार्गदर्शक नेमण्याची रीत पाडली, यात त्यांचे शहाणपण दिसते. मग २०२० चा मार्च महिना उजाडला, महामारीमुळे शाळा बंद पडल्या, आणि साऱ्या देशाला एका रात्रीत ऑनलाइन वर्गात बसावे लागले. ज्या घरी मोबाइल एकच आणि मुले तीन, तेथे काय झाले हे कोणाला सांगावयास नको. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांत मोबाइलचे जाळेच पोहोचत नव्हते. तेथे ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवून मुलांना उघड्यावर, अंतर राखून बसविण्यात आले, आणि त्यांच्या शंका सोडविण्यासाठी स्वयंसेवक उभे राहिले. या उपक्रमाचे नाव होते 'बोलकी शाळा'. १९५६ मधील शेतकरी मंडळांची ही नात म्हणावयास हरकत नाही.

आता इतिहासाच्या या वळणावर एक अगदी नवा प्रश्न उभा राहिला आहे. १८४० पासून मुक्त शिक्षणाची अडचण एकच होती: विद्यार्थी पुष्कळ, उत्तर देणारे थोडे. नोव्हेंबर २०२२ नंतर कृत्रिम प्रज्ञेची अशी साधने सर्वांच्या हाती आली की, ती कोणत्याही प्रश्नाला, कोणत्याही वेळी, न कंटाळता उत्तर देतात. वही तपासण्यास माणूस मिळत नसेल तर यंत्र मिळेल. ज्या मुलाच्या घरी विचारावयास कोणीच नाही त्याच्या दृष्टीने ही सोय लहान नव्हे. तिची थट्टा करणे उचित होणार नाही. परंतु हेच यंत्र वही तपासते तशी लिहूनही देते. आजवर भीती होती ती विद्यार्थ्याला उत्तर मिळणार नाही याची. आता भीती आहे ती त्याचा प्रयत्नच हरवून जाईल याची. पिटमनच्या विद्यार्थ्याने चुकीचा का होईना, स्वतःच्या हाताने कागद लिहिला होता. म्हणूनच त्या दुरुस्तीला अर्थ होता. तारा चुकीच्या जोडल्याशिवाय भोंगा वाजत नाही. न चुकता मिळालेले उत्तर आणि न विचारता मिळालेले शिक्षण ही दोन्ही सारखीच निष्फळ.

म्हणून मुक्त शिक्षणाचे भवितव्य यंत्र किती वेगवान आहे यावर ठरणार नाही. विद्यार्थ्याने स्वतः काही केले काय, आणि जे केले ते कोणी आस्थेने पाहिले काय, या दोन प्रश्नांवर ते ठरेल. दोन्हींना होकार मिळाला तेथे टपालाचा कागदही पुरला. नकार मिळाला तेथे दीड लाखांचा वर्गही मुका राहिला.

महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यान्पिढ्या वसलेल्या मराठी समाजाला हा विचार विशेष जवळचा वाटावा. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील ज्या मुलाच्या वाट्याला शाळेत मराठी येत नाही, त्यालाही आज मराठी विश्वकोश घरबसल्या विनामूल्य वाचता येतो. पेटी उघडलेली आहे. उणीव आहे ती त्या मुलाने मराठीत लिहिलेल्या चार ओळी वाचून, त्यांतील ऱ्हस्वदीर्घ सुधारून, शेवटी दोन शब्द कौतुकाचे लिहिणाऱ्या माणसाची. अशी माणसे या गावांत आहेत. सेवानिवृत्त शिक्षक आहेत, ग्रंथालयाचे कार्यवाह आहेत, घरी वाचणाऱ्या आजी आहेत. हैदराबादेतील आजींनी ग्वाल्हेरच्या नातवाएवढ्या मुलाची वही तपासावी, यात आता अंतराची अडचण उरलेली नाही. आठवड्याला एक पान, एवढीच सुरुवात पुरे आहे. मुलाने ते स्वतः लिहावे, आणि ते तपासून त्याच्याकडे परत यावे.